आत्याच्या तीन निवडणुका

आमची आत्या आयुष्यात तीनदा महापौरपदासाठी उभी राहिली आणि तिन्ही वेळा पडली. पहिल्यांदा पडली तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली होती. दुसऱ्यांदा पडली तेव्हा घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. आणि तिसऱ्यांदा पडली ती माझ्या वडिलांमुळे, म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या भावामुळे. निदान लोक तसं म्हणतात. आत्या म्हणत नाही.

राजकारणात येण्याआधी ती पाणीपुरवठा खात्यात कारकून होती. तक्रारीच्या खिडकीवर बसायची. नळाला पाणी नाही, गढूळ येतं, बिल भलतंच आलं, असं सांगायला माणसं तणतणत यायची. आत्या हातातलं पेन खाली ठेवायची आणि ऐकायची. मग माणूस पाण्यावरून सुनेवर जायचा, सुनेवरून गुडघ्यावर, आणि जाताना आवाज खाली आलेला असायचा. साहेब वैतागायचे. "बाई, रांग दाराबाहेर गेलीय." आत्या म्हणायची, "मग दार मोठं करून घ्या साहेब, माणसं कशी लहान करू?" तिला थोडक्यात बोलणं जमायचं आणि थोडक्यात ऐकणं अजिबात जमायचं नाही.

तिनं लग्न केलं नाही. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबा शाळेत होते आणि आत्या कॉलेजात. कॉलेज सोडून ती नोकरीला लागली. बाबांना तिनं शिकवलं, बस डेपोत मेकॅनिक म्हणून चिकटवलं, त्यांचं लग्न लावून दिलं, आणि मग स्वतः चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. "नव्या संसारात जुनी माणसं नकोत," म्हणाली. पण दर रविवारी दुपारी ती आमच्याकडे जेवायला असायचीच. बाबा तिच्याशी बोलताना वेगळेच व्हायचे. एरवी डेपोतल्या इंजिनांशी बोलतील तेवढंही आमच्याशी बोलायचे नाहीत. ती आली की गप्पा संपायच्या नाहीत. आई म्हणायची, "आठवडाभर साठवून ठेवतात, मेले."

वॉर्डाचे जुने नगरसेवक थकले, तेव्हा खिडकीवर येणारी माणसंच तिला म्हणायला लागली, बाई, तुम्ही उभ्या राहा. आत्यानं ते हसण्यावारी नेलं. बाबांनी नाही नेलं. ते तिच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "ताई, तू उभी राहा. बाकीचं माझ्यावर सोड." आणि खरंच, बाकीचं त्यांनीच केलं. डेपोतली सगळी पोरं कामाला लावली. आत्या निवडून आली, नोकरी सोडली, आणि तिच्या पुढच्या खोलीत एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या मांडून तक्रारीची खिडकी पुन्हा सुरू झाली. फरक इतकाच की आता तिला साहेब नव्हता.

आमच्या शहरात महापौर थेट लोकांच्या मतांवर निवडला जातो. नगरसेवकपदाची दुसरी खेप चालू असताना आत्यानं त्या निवडणुकीत अपक्ष उडी घेतली. का, तर टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढत नव्हतं. तिथल्या बायका खालच्या नळावरून बादल्या भरून वर न्यायच्या. आत्यानं सभागृहात तो विषय इतक्यांदा काढला होता की ती उठून उभी राहिली की मागच्या बाकावरचे चहाला जायचे. "महापौराशिवाय हे कुणाच्या हातात नाही," ती बाबांना म्हणाली. "तर मग महापौरच व्हावं म्हणते."

"हो की," बाबा म्हणाले. "त्यात काय!"

तो महिना आमच्या घरात लग्नघर असल्यासारखा गेला. स्वयंपाकघरात फलक रंगवायचे, म्हणून आई जिन्यात बसून भाजी निवडायची. फलकावर काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी बाबांनी ब्रश उचलला आणि लिहिलं : "माझी ताई. आता तुमचीही." आत्या लाजली. "अरे, हे काय, मी काय घरातलं भांडं आहे का वाटून घ्यायला?" पण फलक लोकांना आवडला. त्या महिन्यात अख्खं शहर तिला ताई म्हणायला लागलं. म्हातारेसुद्धा.

ती तिसरी आली. निवडून आले ते दातांचे डॉक्टर, ज्यांच्या खुर्चीत अर्धं शहर कधी ना कधी तोंड उघडून बसलेलं होतं. निकाल ऐकून आम्ही सगळे घरी आलो. बाबा म्हणाले, "त्यांच्यापुढे लोकांना आ करायची सवयच आहे, आपण काय करणार!" आत्या जी हसायला लागली ती थांबेचना. नखांत फलकांचा रंग अजून अडकलेल्या हातांनी आम्ही उभ्या उभ्याच जेवलो. पुढच्या निवडणुकीपर्यंत मला वाटायचं, निवडणूक हरणं म्हणजे असं असतं.

मग डेपोचं प्रकरण आलं.

डेपो शहराच्या मध्यावर होता. जागा मोक्याची, बस तोट्यात. महापौरांच्या पक्षानं ठराव आणला की डेपो शहराबाहेर न्यायचा, दुरुस्तीचं काम ठेकेदाराला द्यायचं आणि ती जागा विकून येणाऱ्या पैशातून शहराची कामं करायची. सभागृहात मतं समसमान होती. पक्षाचे चिटणीस आत्याकडे आले. तुमचं मत आम्हाला, आणि टेकडीची पाइपलाइन पहिल्या यादीत, असा सरळ व्यवहार होता. आत्यानं हात वर केला.

सभागृहाचं कामकाज शहराच्या रेडिओवर लागायचं. डेपोतले सगळे एका बसच्या पुढ्यात जमून ऐकत होते. ठराव एका मतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांची नावं वाचली गेली. काम सुटल्यावर बाबा तसेच, कामाच्या कपड्यांवर, चष्म्याच्या दुकानाचा जिना चढून गेले. आत्या नुकतीच सभागृहातून परतली होती, आणि मी त्या दिवशी तिच्याकडेच होते.

"तू हात वर केलास?"

"केला."

"डेपोत मी काम करतो. माहीत आहे ना?"

"बस आधी."

"मी बसायला नाही आलो."

आत्या उभी राहिली. "टेकडीवर पाणी जाणार आहे. लेखी घेतलंय मी. तुमच्या सगळ्यांना ठेकेदारानं घ्यावं म्हणून मी भांडीन—"

"काल रविवार होता," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर बसून जेवलीस. आमटी वाढ म्हणालीस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

आत्यानं समोरची खुर्ची उगाच सरळ केली. मग म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर मला हात वर करता आला नसता."

बाबांनी मान डोलावली, एखाद्या गाडीतला बिघाड सापडावा तशी, आणि ते खाली उतरून गेले.

तरीही हे मिटलं असतं. भांडणं काय, घरोघरी होतात. पण पुढच्याच महिन्यात डॉक्टर महापौरपद सोडून राज्याच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि पक्षानं महापौरपदाची उमेदवारी दिली आमच्या आत्याला. बाबांनी बातमी वाचली, वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली आणि आईला म्हणाले, "डेपो विकून तिकीट घेतलं तिनं. आपण वेड्यासारखे समजत होतो, पाण्यासाठी केलं." त्यानंतर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही.

ठेकेदारानं तरणे मेकॅनिक तेवढे घेतले. बाबांना घेतलं नाही. ते एका गॅरेजमध्ये ट्रक दुरुस्तीला लागले. मालक वयानं त्यांच्या निम्मा. तो त्यांना काका म्हणायचा आणि कामं सांगताना नजर चुकवायचा.

दुसऱ्या निवडणुकीत आत्याचे फलक छापखान्यातून आले, गुळगुळीत, रंगीत. पक्षानं बाबांचंच वाक्य वापरलं होतं, फक्त "माझी" काढून "आपली ताई" केलं होतं. आमच्या दारासमोरच्या खांबावर एक लागला. बाबा रोज त्याखालून कामाला जायचे. तो त्यांनी फाडला नाही आणि वर मानही केली नाही. आत्या अगदी थोडक्या मतांनी हरली. डेपोच्या आजूबाजूच्या गल्ल्यांनी तिला साफ नाकारलं होतं. तिथली निम्मी मतं मिळाली असती तरी ती महापौर असती.

आई तिला चोरून भेटायची. चोरून म्हणजे बाबांना ठाऊक असायचं, पण आई "जरा बाजारात जाऊन येते" म्हणायची आणि बाबा "बरं" म्हणायचे. त्या निकालानंतर आई गेली तेव्हा आत्यानं एकच विचारलं, "तो मतदानाला गेला होता का?" कुणाला दिलं, हे विचारलं नाही.

"गेले होते," आई म्हणाली.

"बरं झालं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, घरीच बसतो की काय."

मग वर्षं गेली. रविवारी दुपारी आमच्याकडे जेवणं लवकर आटपायला लागली. बाबा मुकाट जेवायचे आणि हात धुवून आडवे व्हायचे. आत्या वॉर्डातून पुन्हा पुन्हा निवडून येत राहिली. रस्त्यात, दुकानात, बसमध्ये लोक तिला हाक मारायचे, ताई, ओ ताई! मी तिच्यासोबत असले की मला दिसायचं, हाक पुरुषाच्या आवाजातली असली आणि पाठीमागून आली, की ती जरा जास्तच पटकन वळायची. कुणीतरी दिवा बंद असल्याचं सांगत असायचं. ती पेन काढायची आणि ऐकायची.

मला भेटली की आधी इकडचं तिकडचं बोलायची आणि मग विचारायची, "त्याचा गुडघा कसा आहे?" बाबांच्या गुडघ्याबद्दल तिला डॉक्टरपेक्षा जास्त माहिती होती. मी एकदा चिडून म्हटलं, "जाऊन विचार ना त्यांनाच."

"गेले होते गं," ती म्हणाली. "गॅरेजच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तो गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते. पायांशी काय बोलणार? आले परत."

आणि बाबा? सभागृहाची बैठक असली की ते गॅरेजमधून लवकर यायचे आणि रेडिओ लावायचे. आवाज इतका बारीक की कान टेकवावा लागे. कुणी खोलीत आलं की बटण फिरवून बातम्यांवर न्यायचे. एकदा मी दाराआड उभी होते. आत्या बोलत होती, बोलता बोलता खोकली, आणि तिचा खोकला थांबेना. बाबा रेडिओकडे बघत हळूच म्हणाले, "पाणी द्या की तिला कुणीतरी."

टेकडीवर पाणी चढलं, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा. आत्यानं वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातून नळ सोडवला. पाणी आधी खाकरलं, मग लाल आलं, मग स्वच्छ. बायकांनी आत्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी तिथं होते. सगळा गलका चालू असताना ती घोळक्यातून बाहेर आली, खाली शहराकडे बघत राहिली. कोणीतरी विचारलं, ताई, काय शोधताय? "काही नाही," ती म्हणाली. पण तिथून गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसतं, ते मला माहीत होतं.

तिसरी निवडणूक ती साठीच्या पुढे असताना आली. या वेळी ती जिंकणार, असं विरोधकही खासगीत म्हणत होते. तिनं वॉर्डाची जागा सोडून दिली. महापौर नाही तर काहीच नाही, असा डाव मांडला. मी विचारलं, "एवढं हवंय तुला ते?"

"हवंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं एका वॉर्डाचं ऐकलं. एकदा सगळ्या शहराचं ऐकायचंय. आणि खरं सांगू? त्या खोलीत बसून सह्या करायच्यात मला. खोटं कशाला बोलू!"

शेवटची मोठी सभा एका शाळेच्या सभागृहात होती. भाषण संपलं, प्रश्न सुरू झाले. कचऱ्याचा झाला, फेरीवाल्यांचा झाला. मग अगदी मागच्या रांगेतून एक हात वर गेला. मी स्टेजच्या कडेला होते, मला हात ओळखू आला. बाबा गुडघ्यावर हात दाबत उठले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"माझा प्रश्न उमेदवार बाईंना आहे," ते म्हणाले. ते तिच्याशी बोलून सात वर्षं झाली होती. "तुम्ही डेपो बंद करायला मत दिलंत. ते टेकडीच्या पाण्यासाठी दिलंत, की महापौरपदाच्या तिकिटासाठी?"

चिटणीस लगबगीनं माइककडे आले. "हा जुना विषय आहे, ठराव बहुमतानं—" आत्यानं त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं.

तिला काय उत्तर द्यायचं ते पाठ होतं. शंभरदा दिलं होतं : टेकडीच्या पाण्यासाठी. ते खोटंही नव्हतं. ती माइकशी उभी राहिली, बाबांकडे बघत. शेवटच्या रांगेपर्यंत तिची नजर पोचत नसावी, कारण तिनं चष्मा वर ढकलला.

"दोन्हींसाठी," ती म्हणाली. "पाणी हवं होतं, हे खरं आहे. पाण्यासाठी मी मत दिलंच असतं. पण तिकीट मिळेल असं मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, तरी कळलं होतं. हात वर करताना ते माझ्या मनात होतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधीच सांगायला हवं होतं. पण तिकिटाचं असं तोंडावर तुमच्याशिवाय कुणी मला विचारलंच नाही."

बाबा उभेच होते. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच. तिकिटासाठी मत दिल्याची उमेदवाराची कबुली. चिटणीस आत्याच्या खोलीत येऊन डोक्याला हात लावून बसले. "ताई, एक शब्द! 'पाणी' एवढा एकच शब्द बोलायचा होता!" आत्या म्हणाली, "दुसरं कुणी विचारलं असतं तर बोलले असते हो." ती हरली. या वेळी थोडक्यात नाही. टेकडीवरच्या वस्तीनं मात्र भरभरून मतं दिली. तिथं तिकिटाचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

निवडणूक झाली की उमेदवारानं आपले फलक आठवड्यात काढायचे, असा आमच्याकडे नियम आहे. जिंकलेल्याला माणसं मिळतात. हरलेल्याचे कार्यकर्ते निकालाच्या संध्याकाळीच पांगतात. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि मी तिच्या गल्लीतले फलक काढत होतो. हात पोचेल तेवढे काढले, वरचे राहिले. तेवढ्यात कोपऱ्यावरून बाबा आले. खांद्यावर गॅरेजची शिडी, खिशात पक्कड. लंगडत.

त्यांनी शिडी खांबाला लावली, हलवून बघितली आणि मागे न बघता म्हणाले, "धर घट्ट."

आत्यानं धरली.

"गुडघा—" ती म्हणाली.

"तू शिडी धर. गुडघ्याचं मी बघतो."

ते वर चढले, तारा कापल्या, फलक खाली दिला. मग दुसरा खांब. मग तिसरा. चौकापर्यंत पोचेस्तोवर दोघं भांडायला लागले होते, तारा कापाव्यात की सोडवाव्यात यावरून. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कितीतरी वेळ डोळे पुसत होती. "दोघंही सारखेच," म्हणाली. "सात वर्षं खाल्ली माझी."

डेपोबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आत्या रविवारी यायला लागली. पण पूर्वीसारख्या गप्पा झाल्या असं मी म्हणणार नाही. मध्येच दोघं एकदम गप्प व्हायची, आणि मग दोघंही एकदम काहीतरी बोलायची. कधी बाबा तिच्याकडे, तिचं लक्ष नसताना, फार बघायचे. एकदा मला म्हणाले, "मी घरी विचारायला हवं होतं. जिना चढून जायला हवं होतं पुन्हा." मी म्हटलं, "घरी विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं?" त्यांनी विचार केला. "सांगितलं असतं. आणि महापौर झाली असती."

गेल्या वर्षी नव्या महापौरांनी सगळ्या माजी नगरसेवकांना बोलावलं होतं, एकत्र फोटोसाठी. वयानं माझ्याहून लहान आहेत त्या, आणि चांगल्या आहेत. फोटो झाल्यावर त्यांनी आत्याला आपल्या दालनात नेलं, खुर्चीत बसा म्हणाल्या, तेवढ्यात त्यांना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघीच. आत्या खुर्चीपाशी गेली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "बस ना, त्याच म्हणाल्यात." तिनं मान हलवली. मग ती खोलीभर फिरली. कपाटं बघितली, टेबलावरून बोट फिरवलं, भिंतीपाशी ठेवलेल्या लोखंडी कपाटामागे डोकावली. "इथं खिडकी आहे," ती म्हणाली. "बघ, बुजवून टाकलीय कपाटानं."

परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, मांडीवर पर्स. पहिले दोन थांबे ती पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "ते कपाट मी पहिल्या दिवशी हलवलं असतं. खिडकी रस्त्यावर उघडते. खालून कुणी हाक मारली तर ऐकू आलं असतं." मी हो म्हटलं. "आणि भेटायची वेळ सकाळची ठेवली असती. दुपारी माणसं कामावर असतात. बायकांसाठी वेगळा बाक. रांगेत उभं राहून पाय दुखतात गं." नदीकाठच्या रस्त्याचं तिनं काय केलं असतं ते सांगितलं, शाळांच्या नळांचं सांगितलं, सोमवारी काय, मंगळवारी काय. तिचा आवाज चढत चालला होता. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. आमचा थांबा आला. दार उघडलं, दोघं-तिघं उतरले, दार बंद झालं. मी उठले नाही. ती बाजारातल्या गटारांबद्दल सांगत होती.